चव्वेचाळीस मिनिटं

आमच्या यंत्राचा सगळा कोड पहिल्यापासून बिल्ड करायला, म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात बनवायला, चव्वेचाळीस मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात माझा सहकारी कदिरवेल खाली जाऊन कॉफी पिऊन येतो, तिला नावं ठेवतो, पुन्हा जाऊन पलीकडच्या टपरीवरची पितो, आणि तरी पडद्यावर एकसष्ट टक्केच झालेले असतात. मला तसं बसवत नाही. माझा स्वभावच तापट, रेशनच्या रांगेतसुद्धा डोकं फिरतं. दिवसातून तीन-तीनदा एका निळ्या पट्टीकडे टक लावून बसायचं म्हणजे मला पगारी शिक्षा वाटायची.

कोइमतूरला आमची छोटी कंपनी आहे. नवजात बाळांना ऊब देणारे वॉर्मर आम्ही बनवतो. वर तापणारी सळई, खाली गादी, आणि बाळाच्या पोटाला चिकटवायची एक तार. बाळ किती गार आहे ते तार सांगते, त्यावरून सळई किती तापवायची ते यंत्र ठरवतं. पोटावरची तार कधी सुटलीच तर तिला बाळ गार वाटतं आणि सळई तापतच जाते, म्हणून गादीखाली दुसरी तार असते. तिच्यावर लक्ष ठेवणारा कोडचा जो तुकडा आहे, त्याचं नाव आम्ही 'कात्री' ठेवलं होतं. गादी अडतीस अंशांच्या पुढे गेली की कात्री सळईची वीज कापते आणि यंत्र कर्कश ओरडायला लागतं.

कोडच्या दोन ब्रँच, म्हणजे दोन वेगवेगळ्या आवृत्त्या, होत्या. एक घरची, तिच्यातून बनलेलं दवाखान्यांत जायचं. दुसरी उनाड, ती फक्त आमच्या प्रयोगाच्या खोलीत चालायची. सळया तपासायच्या तर त्या भरपूर तापवाव्या लागतात, म्हणून उनाडमध्ये कात्री साठ अंशांवर नेलेली आणि ओरडणं बंद केलेलं. ओरडणं बंद केलं ते कमलम अक्कांसाठी. त्या मालकांच्या पत्नी, वरच्या मजल्यावर बसतात, आणि त्या आवाजानं त्यांची अर्धशिशी उठायची.

मी दिवसभर या ब्रँचमधून त्या ब्रँचमध्ये उड्या मारायची आणि प्रत्येक उडीला चव्वेचाळीस मिनिटं मोजायची. कारण बिल्ड करणारं साधन मुलखाचं मठ्ठ. ब्रँच बदलली की बदललेल्या फायलींवर आत्ताची तारीख-वेळ पडते. आत काय आहे ते साधन बघत नाही, फक्त तारीख बघतं, आणि ती नवी दिसली की सगळं पुन्हा बनवायला घेतं. दूध हुंगून न बघता पिशवीवरची तारीख वाचून ओतून देणारी माणसं असतात ना, तसं.

म्हणून मी आडवाट काढली. आडवाट म्हणजे माझा एक छोटा प्रोग्राम. ब्रँच बदलताना तो फायलींच्या जुन्या तारखा लिहून ठेवायचा आणि परत आलं की त्याच तारखा पुन्हा चिकटवायचा. साधनाला वाटायचं, काहीच बदललेलं नाही. चव्वेचाळीस मिनिटांचं काम नऊ सेकंदांत. दोन्ही ब्रँचचे बनून तयार झालेले तुकडे मी दोन वेगळ्या फोल्डरांत ठेवले होते, म्हणजे सरमिसळ व्हायची भीती नाही.

"अक्का, तुम्ही माझी कॉफी बंद केलीत," कदिरवेल म्हणाला होता. तो माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, पण आमच्या भागात भांडतानासुद्धा कुणी 'अहो' सोडत नाही. "आता मी दिवसभर काय करायचं?"

"काम करा," मी म्हटलं. "सवय नसेल तर शिकवते."

मग नवरात्राच्या महिनाभर आधी माझा लॅपटॉप भरला. जागाच उरली नाही. मी चिडून दोन फोल्डरांचं एक केलं. तात्पुरतं, नवा लॅपटॉप येईपर्यंत. त्यानं आडवाटेला भोक पडलं हे मला त्याच क्षणी कळलं होतं. उनाडमधून घरच्या ब्रँचमध्ये परत आलं की मूळ फाइल घरची, तारीख जुनी. पण फोल्डरात तयार पडलेला तुकडा मात्र उनाडचा, नुकता बनलेला. साधन म्हणणार, तुकडा फायलीपेक्षा नवा आहे, राहू दे. म्हणून परतताना कात्रीचा तयार तुकडा हातानं पुसायचा, एवढंच लक्षात ठेवायचं होतं. आणि आडवाटेच्या पहिल्याच ओळीत मी लिहून ठेवलं की दवाखान्यात जाणारा बिल्ड इथून करू नये. तो नेहमी ऑफिसातल्या मोठ्या कंप्युटरवर, आमच्या मोठ्या मशीनवर व्हायचा. मोठं मशीन आधी सगळं पुसायचं आणि मग एकेक तुकडा नव्यानं बनवायचं.

महिनाभर मी कात्री न चुकता पुसत होते.

आयुधपूजा, हत्यारं-अवजारं पुजायचा सण, शुक्रवारी आली. त्या दिवशी वालपारैच्या डोंगरावर, चहाच्या मळ्यातल्या एका लहान दवाखान्यात आमचा वॉर्मर जायचा होता. यंत्र खोक्यात भरून तयार होतं. सकाळी तिथल्या सिस्टर आरोक्यम यांचा मालकांना, पोन्नुसामी सारांना, फोन आला. पडद्यावरची अक्षरं इंग्रजीत आहेत, माझ्या हाताखालच्या बायांना तमिळच वाचता येतं, काही करता येईल का. पोन्नुसामी सारांनी लगेच हो म्हटलं. कुणाला नाही म्हणणं त्यांना जमत नाही.

"तेन्मोळी अम्मा," ते माझ्याजवळ येऊन म्हणाले, "अक्षरं तमिळ करून द्याल ना? मी सिस्टरना शब्द दिलाय."

"देते की सार. तासभर द्या."

"तास कुठून आणू? साडेदहाला राहुकाळ लागतो. गाडी त्याच्या आत फाटकाबाहेर पडायला हवी."

दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. बदल एका ओळीचा होता. मी मोठं मशीन चालू करायला वळले तर त्याच्यापुढे कमलम अक्का चंदनाची वाटी घेऊन उभ्या. मशीन पुसून लख्ख, बंद केलेलं, कपाळाला कुंकू, गळ्यात शेवंतीची माळ.

"ते पूजेला बसलंय हो," अक्का म्हणाल्या. "आता उद्या सकाळीच. आज हत्यारांना विश्रांती."

"अक्का, गाडी जायचीय."

"मग तुमचा तो लॅपटॉप आहे ना? त्याला अजून कुंकू लागलेलं नाही."

कदिरवेल चुरमुऱ्यांच्या पिशव्या बांधत होता. तिथूनच ओरडला, "नऊ सेकंदांचं काम, आणि चेहरा बघा. जणू बारा तास राबवतायत."

मला 'नाही' म्हणता आलं असतं. गाडी दुपारी बारानंतर गेली असती, डोंगरावर अंधार पडता पोचली असती, कुणाचं काही बिघडलं नसतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला मिरवायचं होतं. हे मी नंतर पुष्कळ वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगून पाहिलं, पण खरं एवढंच आहे.

आदल्या संध्याकाळी मी उनाड ब्रँचवर होते. सकाळी आल्या आल्या घरच्या ब्रँचवर परतले होते, तेव्हा शेजारी कुणीतरी दृष्टीसाठी फोडायच्या भोपळ्याला कुंकू फासत होतं आणि तो गडगडत माझ्या टेबलाखाली आला, आणि आम्ही हसत तो काढत बसलो. कात्री पुसायची राहिली. राहिली हेही लक्षात आलं नाही.

बिल्ड नऊ सेकंदांत झाला. मी खोकं उघडून यंत्रात तो घातला, चालू केलं. अक्षरं तमिळ दिसली. सळई लाल झाली. कात्रीची तपासणी करायची तर यंत्र तासभर तापू द्यावं लागतं, आणि घरच्या ब्रँचची ती तपासणी मागच्याच आठवड्यात झाली होती. ती मी सोडली. जाता जाता कमलम अक्कांनी यंत्राला चंदन लावलं. गाडीच्या चाकांखाली लिंबं ठेवली, उंबऱ्यावर भोपळा फुटला, आणि मुरुगेसन ड्रायव्हर दहा चोविसाला फाटकाबाहेर पडला. पोन्नुसामी सारांनी माझ्या हातात चुरमुरे-डाळ्यांची पिशवी ठेवली आणि म्हणाले, "तुम्ही होतात म्हणून झालं हो."

विजयादशमीच्या दिवशी सकाळी सगळ्यांनी आपल्या हत्यारानं थोडंसं तरी काम करायचं असतं, वर्षभर हात चालतो म्हणतात. शनिवारी राहुकाळ नऊला, म्हणून आम्ही साडेसातलाच जमलो. मी मोठ्या मशीनची माळ उतरवली आणि कालचाच बिल्ड पहिल्यापासून लावला. काही हेतू नव्हता. काहीतरी सुरू करायचं म्हणून केलं. सणाचा दिवस, घाई नाही, चव्वेचाळीस मिनिटं मी गोड पोंगल खात गप्पा मारत काढली.

प्रत्येक बिल्डचा एक ठसा निघतो, अक्षर-आकड्यांची लांब ओळ. कोड तोच, साधन तेच, तर ठसाही तोच. आठ वाजून सव्वीस मिनिटांनी मशीनवरचा ठसा आला. काल पाठवलेल्या बिल्डचा ठसा माझ्या वहीत होता. दोन्ही जुळले नाहीत.

मी पुन्हा वाचले. मग कदिरवेलला वाचायला लावले.

"तुम्ही घाईत चुकीचा उतरवून घेतला असेल," तो म्हणाला.

"मी उतरवताना चुकत नाही."

"माहीत आहे," तो म्हणाला, आणि हातातलं केळीचं पान त्यानं बाजूला ठेवलं.

मी लॅपटॉप उघडला आणि तयार तुकडे एकेक करून मोठ्या मशीनच्या तुकड्यांशी ताडून बघायला लागले. तीनशेबारा तुकडे जुळले. एक जुळला नाही. त्याचं नाव बघायच्या आधीच मला माहीत होतं. कात्री. बनल्याची वेळ गुरुवार संध्याकाळ, सहा अठरा. उनाडची.

"काल गेलेल्या यंत्रात कात्री साठाला आहे," मी म्हटलं. "आणि ते ओरडणार नाही."

पोन्नुसामी सार दारातच उभे होते. त्यांनी ऐकलं. मग म्हणाले, "अम्मा, पोटावरची तार नीट बसलेली असेल तर कात्रीची गरजच पडत नाही, बरोबर?"

"बरोबर."

"म्हणजे बहुतेक काही होणार नाही."

"बाळं लाथा मारतात, सार."

"मग करा फोन," ते म्हणाले. "नऊच्या आत करा."

दवाखान्याचा फोन सणामुळे कुणी उचलेना. मुरुगेसनला लावला. तो खाली पोळ्ळाचीला बहिणीकडे उतरला होता, तोंडात घास घेऊन बोलत होता. यंत्र काल संध्याकाळीच बसवून दिलं म्हणाला. सिस्टर फार खूश, त्यांच्या बायांनी त्यालाही कुंकू लावलं, कापूर ओवाळला. मी दवाखान्याला पुन्हा लावला. पाचव्या खेपेला एक दमलेला, पण हसरा आवाज आला.

"वणक्कम मॅडम. तुम्हीच ना तमिळ अक्षरं करून दिलीत? देव तुमचं भलं करो."

"सिस्टर, यंत्र चालू केलंत का?"

"हो तर. पहाटे एक पाप्पा आली ना, पेच्चियम्माळची मुलगी. दिवस भरायच्या आधीची, दीड किलोची. सहा वाजल्यापासून ठेवलीय तिला त्यात." आणि मग त्या कौतुकानं म्हणाल्या, "काय गुणाचं यंत्र आहे हो. आमचं जुनं सारखं कोकलायचं, जीव नकोसा करायचं. यानं सकाळपासून एक आवाज केलेला नाही."

"सिस्टर, पाप्पाला आत्ता उचला. आत्ता. यंत्र बंद करा."

"काय झालं मॅडम?"

"उचला आधी, मग सांगते."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. चपला फटफटत गेल्या. मागे कुठेतरी दूरदर्शनवर देवीची आरती चालू होती आणि एक बाई कण्हत होती. कदिरवेल माझ्या खुर्चीमागे उभा होता. मी देवाचं नाव घेणाऱ्यांतली नाही, पण त्या वेळी घेतलं. बाळाचं रडणं ऐकू यावं म्हणून मी फोन कानात घुसवत होते. रडणं आलं नाही.

सिस्टर परत आल्या तेव्हा त्यांच्या बोलण्यात तो हसरेपणा नव्हता.

"तार सुटली होती. पोटावरून सुटून बाजूला पडली होती. अंग भाजतंय मॅडम, थर्मामीटरवर एक्केचाळीस आहे. ओल्या कपड्यात गुंडाळून आईकडे दिलीय, डॉक्टरांना आणायला माणूस पाठवलाय. मी पलीकडच्या बाळंतिणीकडे होते. तिचं अडलंय, मी एकटी. काही झालं असतं तर ओरडलं असतं ना ते? म्हणून मी निश्चिंत होते."

ते ओरडणारच नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. "तुमची चूक नाही सिस्टर," एवढं म्हटलं. त्यावर त्या रडायला लागल्या, कारण त्यांना वाटलं मी नुसती समजूत घालतेय.

मोठ्या मशीनवरचा बिल्ड घेऊन मी आणि कदिरवेल निघालो. पोचलो तेव्हा दुपारचे अडीच झाले होते. पाप्पा आईच्या छातीवर होती, लाल, सुरकुतलेली, ताप उतरलेला. दोन चमचे दूध प्यायली होती. डॉक्टर म्हातारे, सावकाश बोलणारे. त्यांनी मला बाहेर व्हरांड्यात नेलं. "जगेल," ते म्हणाले. "सकाळी तापात झटकाही येऊन गेला तिला. आत काही इजा झालीय का, ते मात्र आता कुणालाच सांगता येणार नाही. वर्ष जाऊ द्या. मान धरते का, बघते का, हाकेला वळते का, त्यावरून कळेल."

कदिरवेलनं यंत्रात नवा बिल्ड घातला. आम्ही ते तासभर तापवून पाहिलं. अडतिसाला कात्रीनं वीज कापली आणि ते असं ओरडलं की व्हरांड्यातल्या बाया कानांवर हात ठेवून पळाल्या.

मी निघताना पेच्चियम्माळनं माझे दोन्ही हात धरले. तिच्या हातांना चहाच्या पानांचा काळा डाग होता. "तुम्ही फोन केलात म्हणून माझी पोर वाचली अम्मा," ती म्हणाली. "सिस्टरांनी सांगितलं. इतक्या लांबून तुम्हाला कसं कळलं?"

"यंत्राचं कळतं आम्हाला," मी म्हटलं.

सोमवारी नोंदीच्या कागदावर पोन्नुसामी सारांनी लिहिलं: पोटावरची तार सुटल्यामुळे बाळास अतिरिक्त उष्णता. कंपनीनं तत्परतेनं कळवलं. त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवला आणि मान खाली घालून म्हणाले, "यात खोटं एक अक्षर नाही अम्मा." खरंच नव्हतं. मी सही केली. तेव्हापासून माझी मला लाज वाटते, आणि लाज वाटते म्हणून मी सही मागे घेतली असंही झालेलं नाही.

आडवाट मी पुसली नाही. फोल्डर पुन्हा वेगळे केले, नवा लॅपटॉप आला, आणि आता ती बिनचूक चालते. कदिरवेल मात्र ती वापरत नाही. तो चव्वेचाळीस मिनिटं पट्टीसमोर बसून राहतो. कॉफीलाही जात नाही. आम्ही दोघं त्या दिवसाबद्दल बोलत नाही.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी पेच्चियम्माळला फोन करते. यंत्राची चौकशी म्हणून सांगते, तिला त्यात काही वावगं वाटत नाही. तिसऱ्या महिन्यात पाप्पा हसली. पाचव्यात मान धरली, जरा उशिरा, पण धरली. मी ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं आणि त्या दिवशी पोटभर जेवले. आठव्या महिन्यात बसली. मला वाटायला लागलं होतं की सुटले.

परवा वर्ष झालं. पुन्हा आयुधपूजा, पुन्हा शेवंतीच्या माळा. फोन लावला तर पेच्चियम्माळच्या मागे ढोल वाजत होता, मळ्यातल्या देवळात सण होता. पाप्पा तिच्या मांडीवर होती.

"एवढा गोंगाट चाललाय तुमच्याकडे," मी म्हटलं. "घाबरत नाही का ती?"

"नाही हो अम्मा. ढोलापाशी झोपते. फटाके फुटले तरी डोळा उघडत नाही. सगळ्या बाया म्हणतात, अशी शहाणी पोर पाहिली नाही."

मी म्हटलं, "पेच्चियम्माळ, एक करता? ती तुमच्याकडे बघत नसताना तिच्या कानामागे टाळी वाजवा. जोरात."

तिनं फोन खांद्याशी धरला असावा. टाळी मला इथे स्पष्ट ऐकू आली. मग दुसरी. मग ती हसली, आईनं हसावं तसं, सगळं कौतुक त्या हसण्यात होतं.

"वळूनसुद्धा बघत नाही," ती म्हणाली. "फार गुणाची आहे अम्मा. तुमच्या त्या यंत्रासारखी."